महिलांचे शनिवार-रविवारचे आत्मिक शिबिर: एकांत आणि मैत्री यांची आखणी कशी करावी

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित सेवेवरून परत येतात आणि आपण काय केले, काय शिकवले ते सगळे येशूला सांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ इतकी असते की त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, आणि नेमक्या त्या वेळी येशू त्यांना एकांत जागी चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो (मार्क ६:३१). तो त्यांना एकेकटे करून वेगवेगळ्या दिशांना पाठवत नाही, तर सगळ्यांना बरोबर घेऊन एकाच तारवातून एकांताकडे निघतो. देवासमोरचा निवांतपणा आणि सोबतच्या माणसांची जवळीक या दोन गोष्टी तिथे एकाच प्रवासात मिळतात. महिलांसाठी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असे शिबिर, म्हणजेच रिट्रीट, आखताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर बरेच निर्णय सोपे होतात.

अशा शिबिरांत सर्वाधिक आढळणारी अडचण ही की ती भरगच्च असतात. सहा-सात व्याख्याने, मध्ये गीतांचे सराव, स्पर्धा, साक्षी (देवाविषयीच्या स्वतःच्या अनुभवाचे कथन), रात्री उशिरापर्यंत सभा, आणि मग भगिनी भरलेली वही आणि दमलेला जीव घेऊन घरी परततात. व्याख्याने वाईट असतात म्हणून असे होत नाही. ऐकलेले वचन मनात मुरायला आणि शेजारी बसलेल्या बाईचे दुःख कळायला जो मोकळा वेळ लागतो, तो कुणी राखून ठेवलेला नसतो. हा लेख तो वेळ कसा राखावा आणि त्यात नेमके काय करावे याविषयी आहे.

पहिली पायरी: हेतू आणि एकच शास्त्रभाग

तयारी किमान तीन-चार महिने आधी सुरू करावी आणि आयोजक गट चार-पाच जणींचा ठेवावा, ज्यात वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या परिस्थितीतल्या भगिनी असतील. पहिल्या बैठकीत जागा आणि जेवणाची चर्चा सुरू होऊ देऊ नये. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, स्त्रिया सध्या कोणत्या अवस्थेतून जात आहेत, हा प्रश्न आधी विचारावा, त्यावर प्रार्थना करावी आणि मगच शास्त्रभाग निवडावा. दोन दिवसांसाठी एकच भाग पुरतो. दर सभेला नवा विषय घेतला की मन एका ठिकाणी ठरत नाही.

मंडळी थकलेली असेल तर १ राजे १९ घ्यावे. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, आणि देवाचा दूत त्याला उपदेश करण्याआधी दोनदा उठवून खायला घालतो. शोकाचा काळ असेल तर रूथचे पुस्तक घ्यावे, कारण नामी बेथलेहेमात पोहोचल्यावर ‘मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले’ असे म्हणते, तेव्हा तिची सून रूथ तिच्या शेजारीच उभी असते. दुःखात जवळचे माणूसही दिसेनासे होते, हे त्या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल. मंडळीत दोन गटांत दुरावा आला असेल तर फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या युवदीया आणि सुंतुखे यांच्याकडे वळावे. शुभवर्तमानासाठी पौलाच्या बरोबरीने झटलेल्या या दोन स्त्रियांना तो एकचित्त होण्याची विनंती करतो आणि त्यांना साहाय्य करण्यास एका सोबत्यालाही सांगतो. समेटासाठी तिसऱ्या माणसाचा हात लागतो, हे तो गृहीतच धरतो.

पहिल्यांदाच शिबिर भरवणाऱ्या गटाने लूक १:३९-५६ घ्यावे असे मी आग्रहाने सुचवते. देवदूत मरीयेला येशूची आई होण्याच्या पाचारणाबरोबरच तिची नातेवाईक अलीशिबा हिची बातमी देतो, म्हणजे कठीण काम सांगतानाच देव तिला एक सोबतीण दाखवून ठेवतो. मरीया घाईने डोंगराळ प्रदेशाकडे निघते. एक तरुण, दुसरी उतारवयातली. दोघींच्या पोटी अनपेक्षित बाळ. अलीशिबा तिला एकही चौकशीचा प्रश्न विचारत नाही, आधी आशीर्वाद देते, आणि तो ऐकल्यावर मरीयेच्या तोंडून स्तुतिगीत बाहेर पडते. पुढे ती सुमारे तीन महिने तिथेच राहते. वयाचे अंतर ओलांडणारी मैत्री, ऐकून घेणे, आशीर्वाद देणे आणि वेळ देणे हे सारे या अठरा वचनांत आहे.

दुसरी पायरी: कोण येणार आणि कोण येऊ शकत नाही

वीस ते तीस ही संख्या सोयीची असते. त्याहून अधिक भगिनी असल्या तरी चालते, मात्र छोट्या गटांच्या पुढारणी त्याच प्रमाणात हव्यात, कारण खरे काम चार-पाच जणींच्या गटातच होते. नावे नोंदवून घेताना औषधे, पथ्य, जिने चढण्यातली अडचण, झोपेची गरज आणि तातडीच्या प्रसंगी कुणाला कळवायचे ही माहिती घ्यावी. त्याबरोबर ‘आपण कुणासोबत येत आहात की एकट्या?’ हा एक प्रश्न जरूर विचारावा. एकटी येणाऱ्या प्रत्येक भगिनीला शिबिराच्या आधीच्या आठवड्यात गटातल्या एकीने फोन करावा, स्वतःची ओळख करून द्यावी आणि पोहोचल्यावर आपण दाराशी भेटू असे सांगावे. अनोळखी जागी शिरताना निदान एक नाव आणि एक आवाज ओळखीचा असला, की निम्मे अवघडलेपण तिथेच संपते.

येऊ न शकणाऱ्यांचा विचार याहून महत्त्वाचा आहे. लहान मुलांची आई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणारी मुलगी किंवा सून, शुल्क परवडत नाही म्हणून ‘या वेळी जमणार नाही’ असे सांगणारी भगिनी, नवऱ्याच्या मृत्यूनंतर मंडळीतल्या जोडप्यांत बसायला संकोचणारी विधवा यांनाच बहुतेकदा शिबिराची सर्वात जास्त गरज असते. मंडळीने घरच्या जबाबदारीसाठी दोन दिवसांची पाळी लावून द्यावी आणि शुल्काच्या मदतीचा निधी असा ठेवावा की कुणाला किती मदत मिळाली हे हिशेब पाहणाऱ्या एकीलाच माहीत असेल. अर्जात ‘आपण किती शुल्क देऊ शकता?’ अशी मोकळी जागा ठेवली की मागण्याचा संकोच उरत नाही.

स्वयंपाक, वाढणे आणि आवराआवर ही कामे सहभागी स्त्रियांवर टाकू नयेत. मार्थेच्या घरी जे घडले ते (लूक १०:३८-४२) प्रत्येक शिबिरात घडते: काही जणी वचन ऐकतात आणि काही जणी भांड्यांत अडकतात. मंडळीतल्या पुरुषांनी आणि तरुण मुलांनी दोन दिवस हे काम अंगावर घ्यावे, किंवा जेवणाची सोय असलेलीच जागा घ्यावी.

तिसरी पायरी: जागा

जागा दोन तासांच्या प्रवासाच्या आत असावी, म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ थकव्यात जात नाही. सगळ्यांना गोल बसता येईल अशी एक खोली, फिरायला सुरक्षित आवार, पुरेशी स्वच्छतागृहे, वयस्कर भगिनींसाठी तळमजल्यावर झोपण्याची सोय आणि दिवसभर शांत ठेवलेली एक लहानशी प्रार्थनेची खोली एवढे असले की पुरे. सजावटीवर वेळ घालवू नये.

चौथी पायरी: वेळापत्रक

दोन दिवसांत तीनच व्याख्याने ठेवावीत आणि एकही पस्तीस मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये. आयोजकांना हे फार थोडे वाटेल आणि वक्त्या भगिनीलाही वाटेल, तरीही या बाबतीत ठाम राहावे.

शुक्रवारी पाच ते सातच्या दरम्यान सगळ्या पोहोचतात, जेवण होते आणि आठ वाजता तासाभराची पहिली सभा होते. तीत दोन गीते, निवडलेल्या शास्त्रभागाचे सावकाश वाचन, शिबिराचे नियम आणि छोट्या गटांची ओळख एवढेच असावे. व्याख्यान नको. ओळख करून देताना कुणाची पत्नी, कुणाची आई, कोणत्या पदावर, हे विचारू नये. ‘आज येताना मनात काय घेऊन आलात?’ असा प्रश्न ठेवावा आणि एका वाक्यात उत्तर द्यावे असे सांगावे. दहानंतर सकाळच्या न्याहारीपर्यंत मौन ठेवता आले तर उत्तम. ज्यांना ते अवघड जाते त्यांनी निदान खोल्यांमध्ये गप्पांची मैफल रंगवू नये, कारण शेजारच्या खाटेवरच्या भगिनीला कदाचित कित्येक महिन्यांनी सलग आठ तास झोप मिळणार असते. एलीयाच्या गोष्टीत झोप हीच देवाची पहिली देणगी आहे.

शनिवारी सकाळी सातची प्रार्थना ऐच्छिक असावी. साडेनऊला पहिले व्याख्यान, त्यानंतर पूर्ण एक तास एकांत, मग सव्वा तास छोटे गट. जेवणानंतर साडेचारपर्यंत काहीही ठेवू नये; या मोकळ्या दुपारवर खेळ, स्पर्धा किंवा ‘एक छोटीशी साक्ष’ यांचे आक्रमण होते, ते आयोजकांनी प्रेमाने पण निश्चयाने थोपवावे. पाच वाजता दुसरे व्याख्यान आणि पुन्हा छोटे गट, रात्री गीत-प्रार्थनेची सभा. रविवारी सकाळी तिसरे व्याख्यान, उपासना आणि समारोप.

मोबाइल फोनचा निर्णय आधीच कळवावा. शुक्रवारी रात्री सगळ्यांनी फोन बंद करून आपापल्या सामानात ठेवावेत, आणि घरच्यांना आयोजकांपैकी एकीचा क्रमांक देऊन ठेवावा, म्हणजे खरी निकड असेल तर निरोप पोहोचतो. मागे बाळ किंवा आजारी माणूस ठेवून आलेल्या भगिनींसाठी संध्याकाळी फोनची ठराविक वेळ राखावी.

पाचवी पायरी: एकांताचा तास

‘आता एक तास देवाबरोबर घालवा’ एवढेच सांगून सोडले तर बहुतेक जणींना दहा मिनिटांनंतर काय करावे ते सुचत नाही, आणि मग आपल्यालाच प्रार्थना करता येत नाही अशी अपराधी भावना मनात घर करते. म्हणून वाट दाखवणे आवश्यक आहे. बाराव्या शतकातला कार्थुसियन मठवासी ग्विगो दुसरा याने शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी वर्णिली होती: वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत ध्यान. पद्धत मठातली असली तरी तिचा सगळा भर पवित्र शास्त्रावरच आहे, त्यामुळे कोणत्याही परंपरेतल्या भगिनीला ती निःसंकोच वापरता येते.

प्रत्यक्षात ती अशी करावी. स्तोत्र १३ घेऊ या. त्यात सहाच वचने आहेत. पहिली दहा मिनिटे ते दोन-तीनदा, शक्य तर ओठ हलवत, सावकाश वाचावे आणि कोणता शब्द किंवा ओळ अडवते तिकडे लक्ष द्यावे. पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो, त्यामुळे पुष्कळ जणी तिथेच थांबतील. पुढची पंधरा मिनिटे त्या एका ओळीवर मनन करावे: माझ्या आयुष्यात हा ‘किती काळ?’ कुठे आहे, मी तो देवाला विचारला आहे का, की फक्त स्वतःशी पुटपुटले आहे? त्यानंतरची पंधरा मिनिटे प्रार्थनेची. ती सुबक असण्याची गरज नाही, दाविदाचीही नव्हती. तक्रार तक्रारीच्याच भाषेत मांडावी. मग दहा मिनिटे काहीही न मागता, न बोलता बसावे. मन भरकटले की स्वतःवर चिडू नये, ती ओळ एकदा मनात म्हणावी आणि पुन्हा बसावे. उरलेल्या दहा मिनिटांत वहीत तीन-चार वाक्ये लिहावीत. स्तोत्राच्या शेवटी विश्वासाचे उद्गार आहेत, पण तिथपर्यंत आजच पोहोचायला हवे अशी सक्ती स्वतःवर करू नये.

गोष्टीचा भाग असेल तर इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात शिकवलेली रीत अधिक उपयोगी पडते. त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पद्धतीला १५४८ मध्ये पोप तिसरे पौल यांनी मान्यता दिली होती. तीत वाचणारा माणूस स्वतः त्या प्रसंगात उभा राहतो. अलीशिबेच्या दारात उभे राहावे, मरीयेच्या पायांवरची धूळ पाहावी, तिची हाक ऐकावी, आणि मग स्वतःला विचारावे की या घरात मी कोण आहे: धावत आलेली, दार उघडणारी, की बाजूला उभी राहून या दोघींचा हेवा करणारी? या तिसऱ्या उत्तरातूनही प्रार्थना सुरू होऊ शकते.

कुणाला या तासात झोप लागली तर लागू द्यावी. कुणी रडली तर लगेच धावून जाऊ नये. पाण्याचा पेला शेजारी ठेवून थोड्या अंतरावर बसणे पुरेसे असते.

सहावी पायरी: छोटे गट

संपूर्ण शिबिराचा कस इथे लागतो, म्हणून गटाच्या पुढारणींची तयारी व्याख्यातीच्या तयारीपेक्षा काळजीपूर्वक करावी. त्यांना आधी एकदा भेटवावे आणि हेच प्रश्न त्यांनी स्वतः एकमेकींसमोर सोडवून पाहावेत. गट करताना दोन सख्ख्या मैत्रिणी, सासू-सुना किंवा मायलेकी एकाच गटात येणार नाहीत आणि प्रत्येक गटात वयाचे अंतर राहील असे पाहावे.

नियम थोडके आणि स्पष्ट असावेत. गटातले बोलणे गटातच राहील, नवऱ्यालाही सांगितले जाणार नाही. प्रत्येकीला साधारण बारा मिनिटे मिळतील, आणि ‘मला आज बोलायचे नाही’ असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार राहील. कुणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, स्वतःची तशीच गोष्ट सांगायची नाही आणि वचन फेकायचे नाही.

शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते. समजा, आई गेल्यापासून आपल्याला प्रार्थना करता येत नाही, डोळे मिटले की दवाखान्याची खोलीच दिसते, असे एखादी भगिनी सांगते. तिचे वाक्य संपायच्या आत शेजारचीने म्हटलेले असते, ‘अगं, देवाची योजना असते सगळ्यात.’ बोलणारीचे ओठ मिटतात, ती मान हलवते, ‘हो, ते खरंच आहे’ असे म्हणते आणि त्यानंतर दोन दिवस काही बोलत नाही. अशा वेळी पुढारणीने हळू आवाजात एवढेच म्हणावे, ‘थांबू या जरा ताई, त्यांचं पुरतं ऐकू या. कोणती खोली दिसते तुम्हाला?’ आणि मग शांत बसावे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते (ईयोब २:१३), तोवर त्यांचे वागणे योग्यच होते. ते बोलू लागले तिथून बिघाडाला सुरुवात झाली.

गटासाठी प्रश्न असे निवडावेत की ज्यांना पाठ केलेले उत्तर नसते. ‘देवावर तुमचा विश्वास किती आहे?’ या प्रश्नाला सगळ्या एकच उत्तर देतील. त्याऐवजी सकाळच्या एकांतात कोणत्या ओळीपाशी अडलात, देवाजवळ कोणती गोष्ट बोलायचे टाळता, मंडळीत तुम्हाला एकटे कधी वाटते, या वर्षात कुणाच्या सोबतीने तुम्ही सावरलात, असे विचारावे. एकीचे बोलणे संपले की लगेच, पुढच्या भगिनीकडे वळण्याआधी, गटातल्या कुणीतरी तिच्यासाठी दोन-तीन वाक्यांत प्रार्थना करावी, आणि त्या प्रार्थनेत तिने वापरलेलेच शब्द यावेत. आपले शब्द दुसरीच्या तोंडून देवापुढे ठेवले जाताना ऐकले, की आपल्याला समजून घेतले गेले याची खात्री पटते. मैत्रीची सुरुवात बऱ्याचदा याच क्षणी होते.

प्रार्थनेच्या नावाखाली चालणाऱ्या कुजबुजीविषयी मात्र स्पष्ट बोलायलाच हवे. ‘अमकीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना?’ असे वाक्य मंडळीत सहज उच्चारले जाते आणि त्याने किती विश्वास मोडला जातो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. चहाडखोर गुपिते उघड करतो, विश्वासू माणूस गोष्ट झाकून ठेवतो, असे नीतिसूत्रे ११:१३ सांगते. शुक्रवारीच सगळ्यांसमोर ठरवून घ्यावे की जी भगिनी इथे उपस्थित नाही तिच्या खाजगी गोष्टी प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा मांडायच्या नाहीत.

गुप्ततेला एक अपवाद असतो आणि तोही आधीच सांगून ठेवावा. कुणाच्या जिवाला धोका असेल, मारहाण होत असेल, मुलांवर अत्याचार होत असेल किंवा कुणी स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर पुढारणी ते आयोजक गटातल्या नेमलेल्या एका व्यक्तीला सांगेल आणि आपण तसे करत आहोत हे त्या भगिनीलाही सांगेल. तुमच्या ठिकाणच्या समुपदेशकाचा, डॉक्टरांचा आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी असलेल्या मदतवाहिनीचा क्रमांक हाताशी असावा, आणि मुलांच्या बाबतीत कायद्याने कुणाला कळवणे बंधनकारक आहे हे आधी माहीत करून घ्यावे. मार खाणाऱ्या स्त्रीला ‘क्षमा कर आणि अधीन राहा’ असे सांगून परत पाठवणे हे पाप आहे, असे मी जबाबदारीने म्हणते. क्षमेचा विषय तिच्या सुरक्षिततेनंतर येतो.

सातवी पायरी: मोकळी दुपार

ओळखीच्या भगिनींचे घोळके आपोआप जमतात आणि नव्या भगिनी कडेला राहतात. सक्तीचे खेळ हा त्यावरचा उपाय नाही. जेवणाच्या वेळी जागा चिठ्ठ्यांनी ठरवाव्यात आणि दुपारी जोडीने फिरायला जाण्याची सूचना द्यावी: वयात निदान पंधरा वर्षांचे अंतर असलेली जोडी, चाळीस मिनिटे, निम्मा वेळ एकीने बोलायचे आणि दुसरीने ऐकायचे, परतताना उलट. समोरासमोर बसून बोलताना जे ओठांवर येत नाही ते शेजारी चालताना सहज बोलले जाते. ज्यांना फिरणे जमत नाही त्या सावलीत बसून हेच करू शकतात. ज्यांना एकटे राहायचे आहे त्यांना खुशाल एकटे राहू द्यावे. अबोल भगिनींसाठी दिवसभर माणसांत राहणे हेच मोठे श्रम असतात.

शनिवारच्या रात्रीच्या सभेत भावना उचंबळून येतात. तिथे दबाव नको. पुढे येण्याचे आवाहन करायचे असेल तर जागेवर बसून प्रार्थना करणेही तितकेच मोलाचे आहे हे आधी सांगावे, हात ठेवून प्रार्थना करण्यापूर्वी त्या भगिनीची परवानगी विचारावी आणि साडेनऊच्या सुमारास सभा संपवावी.

आठवी पायरी: रविवार

तिसरे व्याख्यान सर्वांत लहान असावे आणि त्याचा रोख घराकडे असावा. प्रभुभोजन घ्यायचे असेल तर आपल्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे पाळकांशी आधी बोलून ठेवावे, आणि वेगवेगळ्या मंडळींतल्या भगिनी असतील तर कुणी अवघडून बसणार नाही याची काळजी घ्यावी. निघण्यापूर्वी अर्धा तास प्रत्येकीने स्वतःला पत्र लिहावे: या दोन दिवसांत देवाने काय दाखवले, आणि पुढच्या महिन्यात मी कोणती एकच सवय धरणार आहे. एकच. ‘रोज पहाटे तासभर प्रार्थना’ असे ठरवणाऱ्या भगिनीला ‘रात्री झोपण्यापूर्वी एक स्तोत्र’ असे बदलायला सुचवावे. पाकिटे बंद करून त्यांवर पत्ते घालून घ्यावेत आणि आयोजकांनी ती चार आठवड्यांनी टपालात टाकावीत.

याच वेळी प्रत्येक छोट्या गटातून दोघी-तिघींच्या प्रार्थना-जोड्या ठरवाव्यात. फोनचा वार आणि वेळ तिथेच लिहून घ्यावी, कारण ‘बोलू या कधीतरी’ हे बोलणे फार क्वचित प्रत्यक्षात येते.

नववी पायरी: पुढचा महिना

शिबिरानंतरचा मंगळवार किंवा बुधवार अवघड असतो. घरी तेच ताण, तेच काम, आणि त्यात आता आपण बदललो नाही असे वाटण्याची भर. गटाच्या पुढारणीने तीन दिवसांच्या आत प्रत्येकीला फोन करून केवळ कशा आहात एवढे विचारावे. दुसऱ्या आठवड्यात छोटे गट तासभर भेटावेत, कुणाच्याही घरी, आणि शनिवारचाच एखादा प्रश्न पुन्हा घ्यावा. प्रार्थना-जोडीचा फोन वीस मिनिटांचा असावा: दहा मिनिटे बोलणे, दहा मिनिटे प्रार्थना. एखादी भगिनी दोन वेळा फोन उचलत नसेल तर तिला दोष न देता घरी जाऊन भेटावे.

भेटी आणि फोन यांच्या जोडीला हातांना काम द्यावे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल दहा स्त्रियांचा उल्लेख करतो. फिबी पुष्कळांना आणि त्यालाही साहाय्य करणारी आहे, प्रिस्का सहकारी आहे, त्रुफैना आणि त्रुफोसा प्रभूमध्ये श्रम करणाऱ्या आहेत, आणि रूफाची आई त्याला स्वतःच्या आईसारखी आहे. हे नाते एकत्र राबण्यातून आलेले आहे. म्हणून प्रत्येक गटाने महिन्याभरात एक लहान काम एकत्र करावे: बाळंतिणीच्या घरी आठवडाभर जेवण पोहोचवणे, दवाखान्यात दाखल असलेल्या भगिनीच्या उशाशी पाळीने बसणे, मंडळीतल्या एखाद्या वृद्धेची औषधे आणून देणे. शिबिरात आपण जिचे दुःख ऐकले तिच्याबरोबर अशा कामाला गेले की दुःखाव्यतिरिक्त ती कोण आहे हेही कळते, तिचा विनोद, तिची चपळाई, तिची चिडचिड. अश्रूंवर जुळलेली ओळख इथे रोजच्या मैत्रीत मुरते.

तीन महिन्यांनी आयोजक गटाने एकदा बसावे. व्याख्यान कसे झाले, जेवण कसे होते, हे विचारण्यात वेळ घालवू नये. किती जोड्या अजून एकमेकींशी बोलत आहेत, एकटी आलेली भगिनी आता उपासनेला आली की कुणाशेजारी बसते, शास्त्रवाचनाची एक सवय कुणाकुणाची टिकली, कुणी दुखावून गेली असेल तर तिच्याशी कोण बोलले, हे प्रश्न नावे घेऊन विचारावेत आणि उत्तर माहीत नसेल तिथे त्या आठवड्यात कोण भेटायला जाणार ते ठरवावे. पुढच्या शिबिराच्या आयोजक गटात या वेळी एकट्या आलेल्या भगिनींपैकी निदान एकीला घ्यावे. दाराशी उभे राहून कुणाची वाट पाहायची हे तिला सांगावे लागणार नाही.